पावसाळ्यात दाराला रंधा मारू नका! लाकडाच्या बाबतीतल्या या चुका टाळा

जुलै लागला की दारं अडकायला लागतात. खांदा लावून ढकलावं लागतं, कडी बसत नाही. मग सुताराला बोलावलं जातं, तो कडेचं दोन सूत लाकूड काढून देतो आणि दार मस्त लागतं. जानेवारीत तेच दार चौकटीत खडखडतं आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसतो.

लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा पितं आणि हिवाळ्यात सोडतं. फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून आधी दार नेमकं कुठे घासतंय ते बघा. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घासत असेल तर ते फुगलंय. फक्त वरचा कोपरा घासत असेल तर दार उतरलंय, म्हणजे बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. तिथे रंध्याचं कामच नाही. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावलेली लाकडाची काडी ठोका, वाळू द्या आणि परत आवळा.

फुगलेल्या दाराला तात्पुरती मेणबत्ती घासा आणि घासणाऱ्या जागी पेन्सिलने खूण करून ठेवा. नंतर मोबाइलचा कॅमेरा दाराखाली धरून खालची कड बघा. बहुतेक घरांत ती कोरी निघते, पॉलिशचा थेंबही नसतो, आणि वरच्या कडेचीही तीच गत. दोन्ही अंगांना चकचकीत पॉलिश आणि कडा उघड्या! ओलावा तिथूनच सर्वांत भराभर शिरतो. उन्हाळ्यात दार उतरवून या कडांना काचपेपर मारा, सीलर आणि पॉलिशचे हात द्या. पुढच्या पावसातही अडलं, तर मग खुणेपुरता रंधा.

खरेदीच्या वेळची मोठी चूक म्हणजे ‘सागवान आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवणं. चंद्रपूर-बल्लारशाच्या सागाचं नाव आहेच, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. पण सागाचा टिकाऊपणा त्याच्या सोनेरी-तपकिरी गाभ्यात असतो. वाळवीला नकोसे वाटणारे पदार्थ तिथेच असतात. सालीलगतचं पांढुरकं लाकूड सागाचंच असलं तरी कीड त्याला सोडत नाही. लागवडीतल्या कमी वयाच्या झाडात हा पांढरा भाग जास्त असतो आणि गडद पॉलिशखाली तो सहज लपतो. म्हणून फर्निचर पॉलिश चढण्याआधी बघायला जा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

लाकूड वाळलेलं आहे का, हेही विचारा. ओलावा मोजायचं छोटं मीटर आता बऱ्याच सुतारांकडे असतं. साधारण १२ टक्क्यांच्या आसपास आकडा ठीक. मुंबईच्या दमट हवेत बनलेलं टेबल नागपूरच्या मे महिन्यात गेलं की आक्रसतं. वरची अखंड फळी चौकटीला घट्ट स्क्रूने जखडलेली असेल तर ती तडकतेच. स्क्रूसाठी गोल नव्हे, लांबट भोकं हवीत, म्हणजे फळीला हलायला जागा राहते.

प्लायवुडवर ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट) लिहिलेलं असेल तर ते फक्त दमटपणा सोसतं, पाणी नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० (पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायवुडचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलंच प्लायवुड घ्या. पार्टिकल बोर्ड तिथे नकोच, एकदा फुगला की वाळूनही मूळ जागी येत नाही.

लॅमिनेटच्या फ्लोअरिंगला फरशीसारखं बादलीभर पाण्याने पुसणं बंद करा. सांध्यांतून पाणी आत जातं आणि पट्ट्यांच्या कडा उचलतात. कापड घट्ट पिळून फिरवा. फ्लोअरिंग मधूनच वर उचललं असेल तर पाण्याआधी भिंतीकडे संशय घ्या. कडेने ८ ते १० मिलिमीटर जागा सोडायची असते, ती न सोडताच काम उरकलेलं असतं. स्कर्टिंग काढा, पट्टी भिंतीला टेकली असेल तिथे कापून घ्या. बरेचदा जमीन हळूहळू आपोआप बसते.

कपाटाखाली काही पडलेलं दिसलं की लगेच रॉकेल ओतू नका, आधी चिमटीत घेऊन बघा. पिठासारखी मऊ भुकटी आणि लाकडात टाचणीएवढी भोकं, तर ती भुंग्याची अळी. भोकांत सिरिंजने औषध सोडून ती बुजवा आणि कपाटाच्या आतल्या-मागच्या कोऱ्या बाजूंनाही पॉलिश करा, कारण मादी अंडी घालायला कोरं लाकूडच शोधते. खसखशीएवढे टणक दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या चढत असतील तर वाळवीचं वारूळ जमिनीत आहे. नळी मोडून काही होत नाही, वाळवी दुसऱ्या वाटेने येते. भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडणाराच बोलवावा लागतो.

चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळायची सवय अनेक घरांत आहे. ते वाळत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. फ्रेंच पॉलिशवर सॅनिटायझर तर अजिबात नको. ते पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तेलच लावायचं असेल तर अळशीचं लावा, पण वापरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.