जुन्या आउटबोर्ड मोटरचे जाम बोल्ट सोडवताना: नवीन शिकणाऱ्यांसाठी

बडोद्यात समुद्र नाही मग इथे राहून आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरींचं काम शिकता येईल का, असं आयटीआयची मुलं विचारतात. येतं की. चांदोदला नर्मदेत चालणाऱ्या नावांच्या मोटरी येतात, भरुचजवळच्या भाडभूतकडच्या मच्छीमारांच्या येतात, आणि विश्वामित्रीला पूर आला की ज्या बचावबोटी निघतात त्यांच्याही, ज्या वर्षभर कोपऱ्यात पडून असतात आणि पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांना आठवतात. इंजिन समजणं अवघड नाहीये, टू-स्ट्रोक स्कूटर उघडलेल्या पोराला ते लवकर कळतं. अवघड आहे ते मोटर न तोडता उघडणं. माझ्या मते या धंद्यातलं खरं कसब तेच.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री पाना उचलायच्या आधी विचारायचे, "अरे, बोल्टला धरलंय कोणी ते बघितलंस का?" कारण जाम होण्याचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. लाल-तपकिरी असेल तर लोखंडाचा गंज, गोड्या पाण्यातल्या मोटरीत हा जास्त. पांढरी भुकटी दिसली तर ते ॲल्युमिनियमचं. बॉडी ॲल्युमिनियमची, बोल्ट स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी, म्हणजे चक्क बॅटरीच तयार होते, ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा जो ऑक्साइड बनतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो म्हणून आट्यांमध्ये ठासून बसतो. तिसरा प्रकार म्हणजे वाळून दगड झालेलं ग्रीस. स्टिअरिंग फिरत नाही तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं, तिथे हातोडी कशाला, ग्रीस भरायचं निप्पल साफ करा, थोडं गरम करा, नवीन ग्रीस दाबत राहा आणि हळूहळू डावी-उजवीकडे हलवा.

गंजाला तेल चालतं. पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे फटीत शिरणारं पातळ तेल टाका, हलके टिचके मारा, रात्रभर ठेवा, सकाळी परत टाका. काही जण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं करून वापरतात, काम चांगलं करतं पण ॲसिटोन भडकन पेटतं, ते लावलं की त्या दिवशी तिथे गॅसचा टॉर्च आणायचा नाही.

पांढऱ्या भुकटीत मात्र तेल फारसं शिरत नाही, तिथे उष्णताच लागते. आणि गरम करायचं ते बोल्टला नाही, त्याच्या भोवतालच्या बॉडीला. ॲल्युमिनियम स्टेनलेसच्या जवळजवळ दीडपट फुगतं, साध्या स्टीलच्या तर दुप्पट, त्यामुळे भोक मोठं होतं आणि पकड सुटते. गरम करा, गार होऊ द्या, परत गरम करा, या आकुंचन-प्रसरणानेच तो थर फुटतो. लक्षात ठेवा, ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध असेल तर ६६० अंशाला वितळतं आणि मोटरचं ओतीव मिश्रण त्याच्या बरंच आधी ढिलं पडतं, म्हणून ज्योत एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची. त्याआधी पेट्रोलची टाकी, पाइप, कार्बोरेटर बाजूला काढा आणि दार-खिडक्या उघडा, यात आळस चालणार नाही.

सहा कोनी बॉक्स पानाच घ्या, बारा कोनीने डोकं गोल होतं. आधी जरासं घट्ट करायच्या दिशेने, मग सोडायच्या, एवढंसं हललं तरी परत मागे न्यायचं, तेल, परत पुढे. दहाचा पाना लागतो ते सहा एमएमचे बोल्ट सगळ्यात जास्त तुटतात, त्यांना लांब दांडा लावायचाच नाही. बोल्ट रबरासारखा पिळतोय पण सुटत नाही असं हाताला जाणवलं की थांबा, पुढची पायरी तुटणं आहे. तुटलाच तर बाहेर उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग करणं मला ईझी-आउटपेक्षा (तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून आत घुसवायचं उलट्या आट्यांचं हत्यार) कधीही बरं वाटतं, वेल्डिंगची उष्णता पण कामाला येते, आणि ईझी-आउट आत तुटलं की ते इतकं कडक असतं की साधा ड्रिल त्यावर चालत नाही.

पिस्टन जाम असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, भिजू द्या आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवा. फ्लायव्हील काढायचं असेल तर त्याच्या कडेला जबड्याचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावायचा नाही, मधल्या भोकांत बोल्ट घालायचा पुलर मिळतो तोच वापरा, ठोकाठोकीने आतली मॅग्नेट्स सुटतात.

खालचं गिअर युनिट उतरत नसेल तर ताकद लावायच्या आधी गिअर शिफ्टचा रॉड सोडलाय का ते बघा, शिवाय एखादा बोल्ट ट्रिम टॅबच्या (पंख्याच्या वरच्या छोट्या पात्याच्या) खाली लपलेला असतो. सगळे काढूनही हलत नसेल तर ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद खाली नेणाऱ्या दांड्याचे) दाते वर क्रँकमध्ये गंजून बसलेत असं समजा, मग लाकडी ठोकळ्याने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, सरळ रेषेत खाली आणायचं, तिरकं झालं की अजून घट्ट बसतं.

परत जोडताना प्रत्येक बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस किंवा अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, आटे मेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवीन आटे) बसवा. शाफ्टच्या दात्यांच्या बाजूंना पण ग्रीस लावायचं, फक्त वरच्या टोकावर नको, तिथे साठलेलं ग्रीस दाबलं जाऊन शाफ्ट पूर्ण वर बसू देत नाही.