नैसर्गिक रंगाई करताना या चुका टाळा : फणसाचा भुसा, भिरंड (कोकम) आणि विहिरीचे पाणी

परसातील फणस वादळात आडवा झाला, तेव्हा त्याच्या गाभ्याचा पिवळाधमक भुसा मी सुताराकडून पोतेभर मागून आणला. फणसाचे लाकूड पक्का पिवळा रंग देते, या भरवशावर सुती धाग्याच्या चार लड्या त्यात तासभर उकळल्या. बाहेर काढल्या तेव्हा त्या विहिरीच्या कठड्यावरील शेवाळाच्या रंगाच्या होत्या. भुशाचा यात काहीच दोष नव्हता. आमचे घर गोव्यातील डिचोलीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात आहे आणि मी पाणी विहिरीचे वापरले होते. पाण्यातील लोहाचा अंश पिवळ्या रंगाला शेवाळी, तर तांबड्याला काळपट करतो. म्हणून रंगाईला बसण्यापूर्वी एका पेल्यात पावसाचे आणि दुसऱ्यात विहिरीचे पाणी घेऊन दोन्हींत सारखाच कोरा चहा ओतून पाहावा. विहिरीचा पेला शाईसारखा काळवंडला, तर ते पाणी रंगाईला घेऊ नये. गोव्यात जून ते सप्टेंबर पागोळ्यांखाली हंडा ठेवला की प्रश्न मिटतो. मात्र पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि गंजलेल्या पत्र्यावरून येणारे मुळीच घेऊ नये. लोखंडी कढईही याच कारणाने वर्ज्य आहे. स्टीलचा टोप उत्तम, पण तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

रंग मुळी चढतच नसेल, तर आधी धागा तपासावा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे गुंडे पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि त्यांच्यावर घरगुती रंग धरत नाही. धाग्याचे टोक जाळून पाहिल्यास खरी लोकर केसासारखा वास देऊन चुरगळणारी राख सोडते, तर अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. सुती कापड असेल, तर त्यावरची खळ आणि मेण निघालेले नसते, हे दुसरे कारण. कोरे दिसणारे कापड धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळावे. ते पाणी चहासारखे तांबूस होते, तेव्हा आपण कशावर रंग चढवू पाहत होतो ते कळते. लोकरीला आणि रेशमाला मात्र हा सोडा घातक आहे. त्यांना कोमट पाण्यातील रिठा पुरे.

धुतल्यावर रंग उतरण्यामागे बहुधा रंगबंधकाची, म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या तुरटीसारख्या द्रव्याची, चूक असते. मीठ आणि व्हिनेगर घातले की रंग पक्का होतो, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही तुरटीची जागा घेऊ शकत नाहीत. कोरड्या १०० ग्रॅम लोकरीला १२ ते १५ ग्रॅम तुरटी पुरते. सुती धागा नुसती तुरटी नीट धरून ठेवत नाही, म्हणून १०० ग्रॅम सुताला आधी २० ग्रॅम हिरडापुडीच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावे, मग पिळून २० ग्रॅम तुरटीच्या पाण्यात घालावे. हिरड्याने सुताला फिकट पिवळी झाक येते, तिचा हिशेब पुढच्या रंगात धरावा. हिराकस (लोहाचा क्षार) चिमटीनेच वापरावी. जास्त झाल्यास रंग मलूल होतो आणि कालांतराने धागाही कुजका होतो.

काही द्रव्यांपुढे रंगबंधकही हात टेकतो. भिरंडाच्या सालीचा लालभडक रस पाहून मोह होतो, पण तो रंग साबणाच्या पहिल्याच पाण्यात निळसर करडा होऊन निघून जातो. भिरंडाचे सोल करावे, सरबत करावे, कापड करू नये. बिटाचीही तीच गत. हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका होतो, हे घरोघर ठाऊक असते. तरीही प्रत्येक नवशिका पहिले कापड हळदीतच बुडवतो, आणि मीही तेच केले होते. त्याऐवजी कांद्याची साले, झेंडू किंवा डाळिंबाची साल घ्यावी. रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून खिडकीत दोन आठवडे ठेवला, तर कोणता रंग किती टिकतो ते दिसते.

डाग आणि पट्टे हा निव्वळ घाईचा परिणाम आहे. भुसा फडक्यातून न गाळल्यास त्याचे कण धाग्यात अडकून ठिपके उठतात, कोरडी लडी थेट टोपात टाकल्यास रंग ठिकठिकाणी धरतो, आणि लडीच्या गाठी आवळून बांधल्यास तेथे पांढरे कडे राहते. १०० ग्रॅम धाग्याला किमान तीन लिटर पाणी हवे. मंजिष्ठेने (तांबडा रंग देणाऱ्या मुळीने) रंगवताना पाणी उकळू देऊ नये. ७० अंशांच्या पुढे तांबड्यात तपकिरी मिसळू लागते.

रंग चढलेली लडी सावलीत वाळवावी. पावसाळ्यात दमट खोलीत ती दोन-तीन दिवस ओली राहिली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून त्या दिवसांत लड्या पंख्याखाली सुट्या टांगाव्यात आणि एका वेळी जेवढ्या टांगता येतील तेवढ्याच रंगवाव्यात.