नव्या संशोधनाची बातमी आली की गोळी बदलण्याआधी काय बघायचं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं मेडिकल आहे. पेपरात किंवा टीव्हीवर एखाद्या नव्या औषधाची बातमी आली की सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कुणीतरी कात्रण घेऊन नाहीतर मोबाईल पुढं धरून काउंटरवर उभं असतं. कुणाला आशा लागलेली असते, कुणी रात्रभर घाबरून झोपलेलं नसतं. अशा माणसाला ‘असल्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच सांगून परत पाठवणं मला पटत नाही. घरात आजारी माणूस असताना बातमी वाचून धावत येणं स्वाभाविक आहे. बातमी कशी वाचायची ते मात्र शिकता येतं आणि त्यासाठी सायन्स घेतलेलं असावं लागत नाही.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. बातमी वाचली त्या दिवशी कुठलीही चालू गोळी बंद करायची नाही आणि कुठलीही नवी सुरू करायची नाही. बीपीच्या, फिटच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्टिरॉइड यांतलं काही अचानक थांबवलं तर बातमीतल्या धोक्यापेक्षा मोठा धोका त्याच आठवड्यात उभा राहू शकतो. बातमी चार दिवसांनी वाचली तरी तीच राहते. डॉक्टरांना विचारेपर्यंत गोळी चालू ठेवा.

आता बातमी पुढं घ्या आणि पहिला प्रश्न विचारा : हे कुणावर करून बघितलंय?

फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या संशोधकांची बातमी सगळीकडं गाजली. कॅन्सर पुन्हा होऊ नये म्हणून शंभर रुपयांची गोळी. त्या आठवड्यात दुकानात एकच प्रश्न होता : “वैनी, ती टाटाची शंभराची गोळी आली काय ओ?” एक मामा तर बायकोची केमोची फाईल घेऊनच आले होते. मी त्यांना बसवलं आणि बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवली. खाली लिहिलं होतं की कॅन्सर परत येण्याला आळा बसतो का, हे उंदरांवर तपासलंय. त्यांच्या शरीरात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी सोडून प्रयोग केला होता. माणसांवर ते सिद्ध व्हायला अजून काही वर्षं लागणार होती. गोळीत रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीत सापडणारा एक पदार्थ) आणि तांबं आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच : मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी जास्त प्यायलं तर? नाही. प्रयोगातलं प्रमाण वेगळं, रूप वेगळं, आणि केमो चालू असताना तर मनानं काहीच वाढवायचं नाही.

संशोधन खोटं होतं असं मी म्हणत नाही. उंदरांवरचं काम हीच औषधाची पहिली पायरी असते. पण उंदरांत चाललेली बहुतेक औषधं माणसापर्यंत पोचत नाहीत. म्हणून बातमीत ‘उंदीर’, ‘प्रयोगशाळेतल्या पेशी’ किंवा ‘प्राथमिक टप्पा’ दिसलं की आज विकत घेण्यासारखं त्यात काही नाही, हे ओळखा. हा मजकूर बहुतेक वेळा शेवटच्या दोन परिच्छेदांत असतो. शेवटापासून वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल.

माणसांवर केलं असेल, तर दुसरा प्रश्न : किती माणसांवर, आणि कसल्या?

जून 2022 ची बातमी बघा. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांना डोस्टार्लिमॅब नावाचं इंजेक्शन दिलं आणि ज्यांचे उपचार पूर्ण झाले त्या सगळ्यांचा कॅन्सर दिसेनासा झाला. गोष्ट खरी आहे आणि आनंदाचीच आहे. पण असे रुग्ण होते 12. शिवाय प्रत्येकाच्या गाठीत एक ठरावीक दोष होता : पेशीतली जनुकं दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये 100 पैकी साधारण 5 ते 10 जणांतच तो दोष सापडतो. मथळ्यात मात्र ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ असं आलं, आणि स्तनाच्या, तोंडाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक इंजेक्शनची किंमत विचारायला आले.

अशा वेळी डॉक्टरांना ‘ते इंजेक्शन द्या’ म्हणू नका. ‘आमच्या पेशंटच्या बायॉप्सीवर एमएमआरची तपासणी झालीय का?’ असं विचारा. एमएमआर म्हणजे वर सांगितलेली जनुकं दुरुस्त करणारी यंत्रणा. बातमी तुमच्या माणसाला लागू पडते की नाही, ते त्या एका रिपोर्टवरून बरंचसं कळतं. बातमी कुठल्याही आजाराची असो, त्यातले रुग्ण आणि आपला माणूस यांत वय, आजाराचा टप्पा, इतर दुखणी यांचा मेळ बसतो का, ते बघायचं.

तिसरा प्रश्न तुलनेचा. औषध घेतलेल्यांसोबत न घेतलेले होते का? यासाठी मी 2020 ची आठवण देते, कारण त्या वर्षानं मला फार त्रास दिलाय.

मार्च 2020 मध्ये फ्रान्समधून एक छोटा अभ्यास आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्यांच्या नाकातला कोरोना लवकर जातो, असं त्यात म्हटलं होतं. औषध सुरू केलेले रुग्ण होते 26. त्यातले 6 जण हिशेबातून वगळले गेले, आणि त्या सहांत तिघं आयसीयूत गेलेले होते, एक दगावलेला होता. राहिलेल्या 20 जणांवरून निष्कर्ष निघाला. कुणाला औषध द्यायचं नि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकूनही ठरवलेलं नव्हतं. तरी ते नाव जगभर गेलं. आपल्याकडं धडधाकट माणसं पट्ट्याच्या पट्ट्या मागू लागली. मार्चच्या शेवटी सरकारनं विक्रीवर निर्बंध आणले, पण तोवर माल गायब झाला होता.

हे औषध ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) आणि संधिवाताच्या रुग्णांचं रोजचं औषध आहे. माझ्याकडं दर महिन्याला येणारी एक मुलगी आहे, तिला ल्युपस. लॉकडाऊनमध्ये तिचे वडील शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, मिळेल तिथं विचारत फिरले. मी स्टॉकिस्टकडं रोज फोन करत होते. ज्यांना गरज नव्हती त्यांच्या कपाटात ती गोळी पडून होती आणि जिची किडनी त्या गोळीवर सांभाळली जात होती तिला मिळत नव्हती. बातमीवर आपण काय करतो याचा भार दुसऱ्या कुणावर तरी पडतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

पुढं ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी झाली. कुणाला औषध मिळणार ते तिथं चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळालेले 1561 रुग्ण, न मिळालेले 3155. 28 दिवसांत पहिल्या गटात 27 टक्के दगावले, दुसऱ्यात 25 टक्के. म्हणजे उपयोग नाही.

त्याच चाचणीनं जून 2020 मध्ये डेक्सामेथासोनचा निकाल दिला आणि तो खरोखर जीव वाचवणारा ठरला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांवर 100 पैकी सुमारे 41 दगावत होते, हे औषध दिल्यावर 29. पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना काही फायदा दिसला नाही. बातमीतलं हे दुसरं वाक्य कुणी वाचलंच नाही. साध्या तापासाठी लोक डेक्सा मागत होते. ते स्टिरॉइड आहे, शुगर झपाट्यानं वाढवतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी दिलं नाही. काहीजण रागावून गेले, त्याला माझा इलाज नव्हता.

म्हणून बातमीत तुलनेचा गट शोधा. तो नसेल, किंवा ‘अमुक खाणाऱ्यांत तमुक आजार कमी दिसला’ एवढंच असेल, तर तो नुसता निरीक्षणाचा अभ्यास. अक्रोड खाणारी माणसं बऱ्याचदा चालायलाही जातात, दवाखान्यातही वेळेवर जातात. मग गुण अक्रोडाचा की बाकीच्या सवयींचा, ते अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही.

टक्के दिसले की थांबा

ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मांसाबद्दल अहवाल दिला, तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. “मटण सोडाय लागतंय काय आता?” रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ज्या गावात घराघरांत शिजतो, तिथं हा प्रश्न येणारच. अहवालात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. हॅम, सॉसेज, बेकन असं खारवून, धुरी देऊन टिकवलेलं मांस पहिल्या गटात : त्यानं कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे. बकऱ्याचं, गुराचं, डुकराचं ताजं मांस त्याच्या खालच्या गटात : बहुधा होत असावा. पहिल्या गटात तंबाखूही आहे, म्हणून ‘मटण सिगारेटइतकंच वाईट’ असे मेसेज फिरले. ते चूक होतं. पुरावा किती भक्कम आहे एवढंच हे गट सांगतात. धोका किती मोठा, ते सांगत नाहीत.

आणि ‘18 टक्के वाढ’ हा आकडा रोज 50 ग्रॅम टिकवलेलं मांस खाणाऱ्यांतल्या आतड्याच्या कॅन्सरचा होता. 18 टक्के वाढ म्हणजे 100 पैकी 18 जणांना कॅन्सर नव्हे. समजा एखाद्या समाजात जन्मभरात 100 पैकी 5 जणांना तो होत असेल, तर ते 5 चे साधारण 6 होतात. आधी किती होते ते कळल्याशिवाय ‘इतके टक्के वाढले’ याला काही अर्थ नाही.

हाच घोळ ब्रिटनमध्ये 1995 साली फार महागात पडला. गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका प्रकारानं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. दुप्पट म्हणजे 7000 बायकांत एकीऐवजी दोघी. पण ऐकणाऱ्यांनी दुप्पट तेवढं ऐकलं, बऱ्याच जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समधले गर्भपात हजारोंनी वाढले.

एप्रिल 2024 च्या शेवटी कोव्हिशील्ड या कोरोनाच्या लशीची बातमी आली तेव्हा मी असेच आकडे वहीत मांडून दाखवत होते. ही लस शोधणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनच्या कोर्टात दुर्मीळ गुठळ्यांची शक्यता मान्य केली होती. पण युरोपच्या औषध नियामकानं ती एप्रिल 2021 मध्येच जाहीर केली होती आणि आपल्या सरकारी समितीनं मे 2021 मध्ये दर दहा लाख डोसमागं 0.61 असा आकडाही दिला होता. शिवाय हा त्रास डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतो. तीन वर्षांनी त्या भीतीनं रोज ॲस्पिरिन सुरू करायला आलेल्यांना मी परत पाठवलं, कारण ॲस्पिरिननं पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि तो धोका आजचा असतो. धोक्याची बातमी वाचताना ‘केव्हा’ हेही विचारा.

पडताळणीसाठी फार काही लागत नाही. कॉलेजात जाणारं पोरगं घरात असेल तर त्याच्याकडून औषधाचं नाव पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाइटवर शोधून घ्या. भारतात चालू असलेल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडतात, आणि जून 2009 पासून तिथं नोंद सक्तीची आहे. ‘भारतात चाचणी सुरू आहे’ असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. देता येत नसेल तर व्यवहार करू नका.

घरच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर आत्याला किंवा काकांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका. त्यांनी काळजीपोटीच पाठवलेला असतो. ‘काका, बातमी वाचली. हे अजून उंदरांवरच झालंय. बाबांची गोळी चालूच ठेवतोय, गुरुवारी डॉक्टरांना दाखवतो’ एवढं लिहा.

आणि डॉक्टरांकडं जाताना कात्रण नुसतं पुढं करू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की खासगी दवाखाना, मागं रांग असते आणि डॉक्टरांना पूर्ण बातमी वाचायला वेळ नसतो. कागदावर औषधाचं नाव, बातमीची तारीख आणि एकच प्रश्न लिहा : ‘हे आमच्या पेशंटला लागू आहे का, नसेल तर कशामुळं?’ सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढा, गावाकडून आणलेली मुळी असेल तर तीही त्याच पिशवीत घाला. पट्टी कापताना नाव आणि एक्सपायरी असलेली बाजू फाडून टाकू नका, नाहीतर कुठली गोळी ते ओळखताच येत नाही.