नाक मोबाइलचं, चेहरा काकांचा: डिजिटल अर्कचित्र काढताना या चुका टाळा

"ताई, ब्रश कुठला वापरता?" शिकायला येणारी दहातली नऊ पोरं पहिल्याच दिवशी हे विचारतात. मी बारा वर्षं ॲपमधल्या एकाच साध्या, कडक टोकाच्या ब्रशने काढतेय, असं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. कारण पन्नास ब्रशांचा सेट विकत घेऊन झालेला असतो. समोर बसलेल्या माणसाच्या भुवया सरळ आहेत की कमानदार, हे मात्र मान वळवल्याशिवाय सांगता येत नाही.

ठाण्यातली लग्नं, निवृत्तीचे समारंभ आणि कंपन्यांचे फॅमिली डे यांवर माझं घर चालतं. गिऱ्हाईक 'कॅरिकेचर' म्हणतं, मी 'अर्कचित्र' म्हणते, पैसे दोन्हीचे तेवढेच मिळतात. या धंद्यात ज्या चुका मी स्वतः केल्या आणि आता दुसऱ्यांच्या निस्तरत बसते, त्या एकदा लिहून टाकते.

सेल्फीवरून काढणं

ही मला सगळ्यात महागात पडली, म्हणून आधी तीच.

ऐरोलीच्या एका कंपनीतून काम आलं. एक काका निवृत्त होत होते आणि सहकाऱ्यांना त्यांचं अर्कचित्र भेट द्यायचं होतं. फोटो म्हणून आली एकच सेल्फी. मी तर हरखलेच. काय नाक होतं! भरदार, चेहऱ्याच्या पुढे धावणारं. कान जवळपास दिसतच नव्हते. मी नाक पकडलं, बाकीचा सगळा चेहरा त्याच्याभोवती रचला, ए-थ्री प्रिंट काढली, फ्रेम करून घेतली आणि समारंभाला स्वतः हजर राहिले. चार लोक कौतुक करतील, तेवढाच मोह.

काका स्टेजवर आले आणि माझ्या पोटात गोळा आला. नाक साधं, बेताचं. कान मात्र असे, की शेवटच्या रांगेतूनही नजरेत भरावेत. फ्रेमवरचा कागद निघाला, टाळ्या पडल्या आणि मागून कोणीतरी विचारलं, "कोण आहे हे?" काका भला माणूस. म्हणाले, "छान आहे हो, आमच्या थोरल्या भावासारखं वाटतंय." मी समोसा तसाच ठेवून ठाण्याची गाडी पकडली.

झालं होतं असं. हात आखडून मोबाइल ३० सेंटीमीटरवर धरला की नाक तेवढ्या अंतरावर असतं आणि कान त्याच्याही मागे १२-१३ सेंटीमीटर. एवढ्या जवळून हा फरक प्रचंड पडतो. नाक फुगतं, कान आक्रसतात, कपाळ मागे सरकतं. तोच माणूस पाच-सहा फुटांवरून टिपला, तर नाक आणि कान कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि चेहरा जसा आहे तसा दिसतो. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. म्हणजे काकांचं अर्कचित्र मोबाइलने आधीच काढून ठेवलं होतं, तेही चुकीचं. मी त्या चुकीचं अर्कचित्र काढलं.

वर अनेक फोन सेल्फी आरशासारखी उलटी करून ठेवतात. भांग दुसऱ्या बाजूला जातो, तीळ दुसऱ्या गालावर. आणि ब्युटी फिल्टर चालू असेल तर तीळच गायब. सुरकुत्याही गायब. मग मी काढायचं काय?

आता माझा नियम सरळ आहे. दुसऱ्या कोणीतरी पाच-सहा फुटांवरून काढलेले तीन फोटो हवेत, एक समोरून, एक थोडा वळलेला, एक हसताना. शिवाय घरात कुणाशी तरी बोलतानाची दहा सेकंदांची क्लिप. ओठ कुठल्या बाजूला वर जातो, मान कशी कलते, हे फोटोत कधीच सापडत नाही. "सरप्राइज आहे, फोटो कसे मागणार?" असं लोक म्हणतात. लग्नाच्या अल्बममध्ये शोधा म्हणावं, सापडतात.

फोटो आले तरी टॅबला हात लावत नाही. आधी कागदावर तीन गोष्टी लिहिते. "कान. लांब वरचा ओठ. डोळे जवळजवळ." कॅरिकेचर हा शब्द इटालियन 'कारिकारे'वरून आला, त्याचा अर्थ भार लादणं. भार कुठे लादायचा हे हातात पेन घेण्याआधी ठरलेलं नसेल, तर तो नेहमी नाकावरच जाऊन पडतो. नवशिक्यांची शंभर चित्रं बघा, शंभर मोठी नाकं दिसतील.

लिक्विफायचा खेळ

फोटो खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर घ्यायचा, वरून गिरवायचा आणि मग लिक्विफायने, म्हणजे चित्राचा भाग ढकलायच्या-ताणायच्या हत्याराने, नाक फुगवायचं, हनुवटी ओढायची. वीस मिनिटांत चित्र तयार. जत्रेतल्या वाकड्या आरशासमोर उभं राहिलं की असंच दिसतं, फक्त आरसेवाला त्याचे दोन हजार मागत नाही.

चेहऱ्यातली कुठलीही गोष्ट एकटी मोठी होत नाही. डोळे जवळ आणले की गाल पसरायला हवेत. जबडा रुंद केला की कपाळाने माघार घ्यायला हवी. लिक्विफायमध्ये तुम्ही एक भाग ढकलता आणि बाकीचे जागच्या जागी बसून राहतात, म्हणून माणूस ओळखू येतो पण सुजलेला दिसतो. शिवाय रेषा ताणून फिकट आणि गढूळ होते, ते वेगळंच. कोपरखैरणेच्या एका मुलाने अशी नवरी काढून दिली होती. तिच्या आईने विचारलं, "हिला ॲलर्जी झालीये का?"

मी लिक्विफाय वापरतच नाही असं नाही. वापरते, पण अगदी शेवटी, जबडा केसभर आत घ्यायला. त्याआधी पोस्टाच्या तिकिटाएवढी पाच छोटी चित्रं काढते, प्रत्येकाला तीन मिनिटं, फोटो बंद करून. त्यातलं एक हमखास बोलतं. मोठं चित्र काढताना दर पाच मिनिटांनी कॅनव्हास आरशासारखा आडवा उलटवून बघते. उलटवला की आपलंच चित्र परकं होतं आणि घसरलेला डोळा लगेच दिसतो.

घाईची पोरं म्हणतात, एवढा वेळ परवडत नाही. पाच त्रिक पंधरा मिनिटं! त्याहून जास्त वेळ ब्रश शोधण्यात जातो.

चिमुकला कॅनव्हास

इन्स्टाग्रामच्या सवयीने पोरं १०८० बाय १०८० पिक्सेलचा चौकोन उघडतात. चित्र आवडतं आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाचा फोन येतो, "याचाच दोन फुटी स्टँडी करायचाय, घोडबंदरच्या हॉलबाहेर उभा करू." इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १०८० पिक्सेलमध्ये होतात जेमतेम साडेतीन इंच. मग डीपीआयच्या, म्हणजे इंचाला किती पिक्सेल याच्या, चौकटीत ३०० लिहून वाट बघतात, जणू आकडा लिहिला की पिक्सेल उगवतील.

काम कितीही लहान असो, मी ए-थ्री, ३०० डीपीआय उघडते, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. हीच फाइल दोन फूट रुंद छापली तरी इंचाला १४६ पिक्सेल मिळतात आणि स्टँडी लांबूनच बघतात, त्यामुळे फ्लेक्सवाला कुरकुर करत नाही. आयपॅडवरच्या प्रोक्रिएट ॲपमध्ये कॅनव्हास मोठा केला की लेयर कमी मिळतात, अशी तक्रार येते. मला सात पुरतात. चाळीस लेयर कशाला लागतात ते मला अजून कळलेलं नाही.

रंगांचं तेच. स्क्रीनवर झगमगणारी मोरपंखी पैठणी छापून आली की धुतल्यासारखी दिसते, कारण तो निळा-हिरवा छपाईच्या शाईत बसतच नाही. प्रोक्रिएटमध्ये आरजीबी (स्क्रीनचे रंग) की सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) हे कॅनव्हास उघडतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही. मी आरजीबीतच काढते आणि मोठी प्रिंट घेण्याआधी एक पट्टी छापून बघते. पन्नास रुपये जातात, झोप लागते.

सावळ्या माणसाची सावली काळ्या रंगाने देऊ नका, चेहरा मळलेला दिसतो. तांबूस तपकिरी घ्या, जांभळटही चालतो. आणि "जरा गोरं करा ना" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणायला शिका.

व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टॅब हरवतोही. मूळ फाइल दुसरीकडे ठेवा.

लाइव्ह काम घेताना हिशेब करा. एका चेहऱ्याला सहा मिनिटं, म्हणजे तीन तासांत तीस चेहरे, तेही पाणी न पिता. यजमान तीनशे पाहुणे सांगतो आणि नवशिके मान डोलावतात. हॉलच्या वाय-फायवर प्रिंटर जोडू नका. वाशीच्या एका लग्नात पाहुणे जमले, सगळ्यांनी वाय-फाय जोडला आणि माझा प्रिंटर मुका झाला. रांगेतली मुलं रडत होती. तेव्हापासून स्वतःचा छोटा राउटर पर्समध्ये असतो.

पैशांचं एकच सांगते. अर्धे आधी, दुरुस्त्या दोन वेळा, तिसरीचे वेगळे पैसे, आणि हे सगळं मेसेजमध्ये लिहून. त्याच मेसेजमध्ये आणखी एक ओळ घाला, चित्र माझ्या पेजवर टाकेन म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं आहे, की कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पोर्ट्रेट काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्याचा पहिला हक्क चित्र काढायला सांगणाऱ्याचा. चित्र आपण काढलं म्हणजे आपलं, असं समजून मीही कैक वर्षं काढली.

राहिला टॅब. पहिल्या दिवशी हप्त्यांवर आयपॅड घेणाऱ्यांना मी थांबवू शकत नाही. पण स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट आणि फुकट मिळणारं क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर एवढ्यावर वर्षभर काम होतं. उरलेल्या पैशात जाड कागदाची वही घ्या. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर वाशीची गाडी येईपर्यंत दोन चेहरे होतात. तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी तर पोतंभर. पाणीपुरी तोंडात घालताना माणसाचा जबडा जेवढा खरा दिसतो, तेवढा कुठल्याच फोटोत दिसत नाही. मागे तिथे एका आजींनी माझ्या वहीत डोकावून स्वतःला ओळखलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हनुवटी एवढी नाहीये गं माझी."

होती.