महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात विद्यार्थी व्यवस्थापकाचे काम

आरोग्य केंद्राची जबाबदारी विद्यार्थी व्यवस्थापक म्हणून हाती आली की पहिल्या आठवड्यात आपण काय करायचे नाही हे डॉक्टर आणि नर्स यांच्यासमोर बसून लिहून घ्यावे. निदान करणे, गोळी सुचवणे, जखमेला टाके हवेत की नकोत हे ठरवणे यांतले काहीही आपले काम नाही. वर्गमित्र येऊन "साधा ताप आहे रे, एक गोळी दे, मला प्रॅक्टिकलला जायचे आहे" असे म्हणेल, तेव्हा मैत्रीला जागून कपाट उघडण्याचा मोह होईल. परंतु डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि समोरचा ताप साधा आहे की डेंग्यूचा हे त्या क्षणी आपल्याला ठाऊक नसते. म्हणून कपाटाची किल्ली नर्सकडेच राहावी.

मग आपले काम कोणते? आजारी विद्यार्थी दारात आल्यापासून तो योग्य माणसासमोर पोहोचेपर्यंतचा वेळ सांभाळणे, आणि तो कशासाठी आला होता ही गोष्ट केंद्राबाहेर जाऊ न देणे. यांतले दुसरे काम पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, असे माझे दोन वर्षांच्या अनुभवानंतरचे मत आहे. गोवा लहान आहे. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या मुलीने सकाळी केंद्रात पाळीच्या त्रासाबद्दल किंवा झोप न लागण्याबद्दल विचारले, तर संध्याकाळच्या कदंब बसने ती गोष्ट तिच्या गावात पोहोचू शकते. मी नवखी असताना नोंदवही टेबलावर उघडी ठेवून पाणी आणायला गेले होते. मागे रांगेत उभ्या असलेल्या कोणीतरी वरच्या ओळीतले नाव आणि तक्रार वाचली, आणि त्या नावाची मुलगी पुन्हा कधीही केंद्रात आली नाही. त्या दिवसापासून मी दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या: टेबलावरच्या वहीत केवळ क्रमांक आणि वेळ, आणि नाव व तक्रार केस पेपरवर, जो थेट नर्सच्या हाती जातो. नाव मोठ्याने न पुकारता क्रमांक पुकारावा, आणि "काय झाले?" हा प्रश्न रांगेत कधीही विचारू नये. मानसिक आजाराच्या बाबतीत तर गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो दिलेला आहे. प्राध्यापकांनी किंवा वसतिगृहाच्या वॉर्डननी चौकशी केली, तरी "डॉक्टरांशी बोला" एवढेच नम्रपणे सांगावे.

पावसाळा हा कामाचा खरा हंगाम असतो. जून ते सप्टेंबरमध्ये तापाचे रुग्ण वाढतात, आणि त्यांतले बरेच जण शनिवार-रविवार घरी जाऊन आलेले असतात. मी केस पेपरच्या मागे डॉक्टरांच्या संमतीने एक प्रश्न छापून घेतला होता: गेल्या तीन-चार आठवड्यांत शेतात, चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात पाय घातले होते का, आणि पायाला जखम होती का? घरच्या लावणीला मदत करून आलेली मुले ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना ती सांगण्याजोगी वाटतच नाही; लेप्टोस्पायरोसिसची (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून किंवा चिखलातून होणाऱ्या तापाची) शंका घ्यायची की नाही हे ठरवताना डॉक्टरांना मात्र तीच माहिती लागते.

कुत्रा चावल्याची नोंद झाली तर नर्स येईपर्यंत थांबू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे घड्याळ लावून धुवायला लावावी आणि हळद, चुना यांपैकी काहीही लावू देऊ नये. चावा किरकोळ दिसला तरी लसीसाठी त्याच दिवशी पाठवावे आणि पुढच्या डोसच्या तारखा स्वतःच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात. दुसरा डोस सहसा चुकत नाही. मधे चवथीची सुट्टी आली की तिसरा चुकतो, म्हणून सुट्टीपूर्वी त्या विद्यार्थ्याला त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव लिहून द्यावे.

तातडीच्या वेळी १०८ ला फोन कोणी करायचा आणि फाटकावर कोणी उभे राहायचे हे कामाच्या पाळ्यांच्या वेळापत्रकातच लिहिलेले असावे. ताळगावच्या पठारावरून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. फर्मागुडीहून मात्र फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय आधी लागते. आपल्या परिसराला कोणते रुग्णालय लागू आहे, आणि रुग्णवाहिकेला कोणते फाटक रात्री उघडे मिळते, हे आधी चालून पाहावे. मनाने खचलेला विद्यार्थी आला तर त्याला एकटे सोडू नये, उपदेश करू नये, समुपदेशक किंवा डॉक्टर येईपर्यंत सोबत बसावे. रात्री कोणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि जिवाला धोका वाटला तर गोपनीयतेचा विचार न करता ताबडतोब वरिष्ठांना कळवावे.

साठ्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, ज्या औषधाची मुदत आधी संपते ते पुढे ठेवावे, आणि मुदतबाह्य औषधे साध्या कचऱ्यात न टाकता जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातील याकडे लक्ष द्यावे. सुया पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यातच जाव्यात. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आहे का, हे दिवसातून दोनदा वहीत लिहावे. पावसात वीज गेली तर ती कधी गेली आणि कधी आली हेही लिहावे, आणि ती लस वापरायची की नाही हा निर्णय नर्सवर सोपवावा.

वर्ष संपताना नव्या व्यवस्थापकासोबत निदान एक आठवडा एकत्र बसावे. त्याला वह्या, वेळापत्रक आणि फोन क्रमांकांची यादी द्यावी, परंतु कोण कशासाठी येत असे हे सांगू नये, तो तुमचा जवळचा मित्र असला तरीही. केस पेपर मोजून नर्सच्या ताब्यात द्यावेत आणि मिळाल्याची सही घ्यावी.