अठरानंतर आमच्या ऑटिस्टिक मुलांना घरी काय आणि कसं शिकवायचं

माझा लेक आता २२ चा आहे, ऑटिस्टिक आहे, आम्ही नवी मुंबईत कोपरखैरणेला राहतो. शाळा संपली तेव्हा मी एकदम सगळंच शिकवायला घेतलं होतं, अंघोळ, स्वयंपाक, पैसे, बस, आणि सहा महिन्यांत आम्ही दोघंही रडकुंडीला आलो. तर पहिलं हेच, एका वेळी एकच काम धरा आणि ते शेवटाकडून शिकवा.

शेवटाकडून म्हणजे काय तर चादरीची घडी घ्या. सगळी घडी तुम्ही घाला, फक्त शेवटचं दुमडणं त्याच्याकडे, ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. स्पेशल एज्युकेटर याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. याचा फायदा असा की काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो, सुरुवात त्याने करायची आणि मध्येच अडकल्यावर आईने ओढून घ्यायचं असं होत नाही.

आणि तोंड बंद ठेवा. हे मला सगळ्यात जड गेलं. मी दोन वर्षं बाथरूमच्या दाराबाहेरून "आता साबण, आता पाय" म्हणत होते, आणि एक दिवस मी तापाने झोपून होते तर हा साबण हातात धरून वीस मिनिटं तसाच उभा. म्हणजे माझा आवाजच त्या अंघोळीची एक पायरी होऊन बसला होता. त्यानंतर टाइल्सवर लॅमिनेट केलेली सहा चित्रं लावली, अडला तर बोलायचं नाही, नुसतं चित्राकडे बोट, मग तेही बंद. चार महिने लागले पण आता दार आतून लावून अंघोळ करतो, आणि दार लावायचं हे मुद्दाम शिकवलं कारण कपडे कुठे बदलायचे, आपल्या अंगाला कोण हात लावू शकतो हे या वयात शिकवायलाच हवं, मुलगा असो की मुलगी.

स्वयंपाकात आपली भाषा आडवी येते. चवीपुरतं मीठ, बेताचं पाणी, जरा परतून घे, यातलं एकही त्याला कळत नाही आणि का कळावं? अर्धा चमचा मीठ, या वाटीने दोन वाट्या पाणी, मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर, असं सांगितलं की कळतं. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही म्हणून भात उघड्या पातेल्यात, इंडक्शनवर.

आता लोकल, कारण यावर आमचं सगळ्यात जास्त डोकं आणि वेळ गेला. पहिला रूट असा निवडा ज्यात चुकायला जागाच कमी आहे. कोपरखैरणेहून ठाण्याकडे जाणारी गाडी ठाण्यालाच संपते, सगळे उतरतात, आणि परत येताना ठाण्याहून ट्रान्स हार्बरची (म्हणजे ठाणे-नवी मुंबई लाइनची) वाशी, नेरुळ, पनवेल कुठलीही गाडी पकडली तरी कोपरखैरणे लागतंच, इंडिकेटर वाचायची गरज नाही. (नेरुळ-बेलापूरवाल्यांनो, तुम्हाला मात्र वाशी गाडी सोडायला शिकवावं लागेल.) सुरुवात दुपारी, आडदिवशी करा, रविवारी नको, मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असला तर पहिलाच अनुभव वाईट जातो. इथेही शेवटाकडूनच, आधी फक्त ठाणे स्टेशन ते तलावपाळी तो पुढे आणि मी दहा पावलं मागे, मग डब्यात मी लांबच्या सीटवर, मग मी पुढच्या गाडीने. हॉर्नसाठी हेडफोन, पण रस्त्यावर ते काढायचे हा नियम पहिल्या दिवसापासून. खिशात एक कार्ड: गाडी आली नाही तर बाकावर बस, आईला फोन कर. हे कार्ड घरी, पायऱ्यांवर, रिकाम्या प्लॅटफॉर्मवर खोटं खोटं वापरून बघा, खरी गाडी लेट झाली की तेव्हा नवीन काही शिकता येत नाही.

पैशांसाठी आधी रोख, त्याच दुकानातून तीच वस्तू. ऑनलाइन द्यायचंच तर यूपीआय सर्कल आहे, तुमच्या खात्यातून मर्यादा ठरवून त्याला खर्च करता येतो.

मदत कुठे? वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं रीजनल सेंटर आहे, दोन्हीकडे स्वतः जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही.

कागदांचं मात्र टाळू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा, नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत कव्हर मिळतं. मूल १८ चं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. लीगल गार्डियनशिप लागणार असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करायचा, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपण बेलापूरपर्यंतचे लोक ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेलवाले रायगडमध्ये, उगाच चुकीच्या ऑफिसात चकरा नकोत. सगळ्यांनाच गार्डियनशिप लागते असं नाही, ज्याला स्वतःचे निर्णय थोड्या मदतीने घेता येतात त्याचा तो हक्क काढून घेऊ नका. आणि बँकेसाठी सही आत्तापासून शिकवा, एकाच पेनने, आखलेल्या चौकोनात, रोज पाच वेळा, आमची बसायला आठ महिने लागले.