माळ्यावरचा टीव्ही गेम परत चालू करायचाय? आधी हे वाचा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला तर लगेच प्लगात घालू नका. मी घातला. अडॅप्टर हरवलेला म्हणून रेडिओचा लावला, जॅक टच्च बसला, म्हटलं जमलं, आणि दोन मिनिटांत जळका वास, आतनं बायको ओरडली "आता काय जाळलंत ओ?"

जॅक सारखा असला तरी प्लस-मायनस उलटं असू शकतं. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 1983 च्या मूळ फॅमिकॉम टीव्ही गेमला मधली पिन मायनस, आणि आपण खेळलो त्यातले बहुतेक डबे त्याच्याच नकला, पण सगळ्यांचं एकसारखं नसतं. डब्याच्या बुडाला खूण आणि व्होल्ट छापलेले असतात ते वाचा, मगच मल्टीमीटर लावून अडॅप्टर जुळवा. माझं आतलं 7805 गेलं होतं, तीन पायांचा बारका पार्ट, करंट 5 व्होल्टवर आणतो, चहाच्या पैशात मिळतो. तो तापतोच, त्यात आपलं सोलापूरचं ऊन, मे महिन्यात दुपारी खेळू नका बे.

आता कॅसेट. फुंकर मारायची नाही! हो, सगळ्यांनीच मारली, पण चालायची ती परत काढून घातल्यामुळं, फुंकरीनं नुसती थुंकी जाते आणि पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातला बड, दोन्ही बाजूच्या 30-30 पिना पुसायच्या, बड काळा निघणं थांबेपर्यंत. माझ्या एका कॅसेटवर शेंगाचटणीचं तेल होतं, तीस वर्षांचं, तेपण निघालं.

टीव्ही एलईडी असेल तर चित्राची पिवळी पिन त्याला लागते का बघा. बदकं मारायच्या गेमची बंदूक मात्र एलईडीवर चालतच नाही, तिला डब्बा टीव्हीच पाहिजे, ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड बघते, एलईडीवर चित्र उशिरा येतं म्हणून नेम चुकतो.

चालू झालं? मग कॉन्ट्रा लावा, तो गोळीबाराचा गेम. पार्लरमधला 1987 चा, घरचा 1988 चा, आणि मला तर घरचाच भारी वाटतो, पार्लरात रुपयाला किती जीव मिळायचे ते आठवा. टायटलवर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट, 30 जीव. हा कोड मुळात ग्रेडियस या गेमच्या 1986 च्या घरगुती आवृत्तीतला, टेस्ट करताना गेम फार अवघड जातोय म्हणून प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतोनं स्वतःसाठी घातलेला. मी तो पॅड, म्हणजे हातातला बटणांचा कंट्रोलर, तपासायला वापरतो, चारी दिशा, बी, ए, स्टार्ट सगळं त्यात येतं. कोड लागला नाही तर पॅड उघडा, बटणाखालचं काळं रबर कोरड्या कापडानं हलकं पुसा, जोरात घासलं तर कार्बन निघून येतो आणि मग ते बटण कायमचं गेलं.